पीएसए रिपोर्ट कसा वाचायचा? वयानुसार पातळी आणि घरातल्या मोठ्यांसाठी काही गोष्टी



आजचा पाठ कुठल्याच इयत्तेच्या पुस्तकात नाही. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात तो कधी ना कधी कागदाच्या रूपानं येतोच. कागद म्हणजे रक्ततपासणीचा रिपोर्ट, आणि त्यावरची एक ओळ म्हणजे पीएसए. घरात वडील, सासरे, आजोबा पन्नाशीच्या पुढे गेले असतील तर हा लेख शेवटपर्यंत वाचा आणि जमलं तर त्यांनाही वाचून दाखवा.

विषय सुचला तो शाळेतच. दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्या-वस्त्या ओस पडतात. माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुलं हंगामी वसतिगृहात नाहीतर आजी-आजोबांजवळ राहतात. अशीच आठवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत घडी घातलेला कागद घेऊन माझ्याकडे आली. "सर, इथं एच लिहिलंय. एच म्हणजे काय?"

आजोबांचं वय ७२. गावातल्या शिबिरात त्यांनी रक्त दिलं होतं. पीएसए ५.२, शेजारी ठळक अक्षरात एच, आणि पुढे छापलेलं 'सामान्य पातळी ० ते ४'. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, "हे कॅन्सरचं असतंय." त्या दिवसापासून आजोबांचं जेवण कमी झालं होतं. मुलाला फोन करायचा नाही, असं त्यांनी नातीला बजावलं होतं. मुलानं मुकादमाकडून उचल घेतलेली. तो काम सोडून आला तर ती फेडायची कुणी? दवाखान्यातही जायचं नाही, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

रिपोर्टवरच्या एच या अक्षराचा अर्थ फक्त 'जास्त' एवढाच आहे. छापलेल्या मर्यादेपेक्षा आकडा मोठा दिसला की मशीन ते अक्षर आपोआप टाकतं. माणसाचं वय काय, त्याला लघवीचा त्रास आहे का, तो कोणती गोळी घेतो, हे मशीनला ठाऊक नसतं. ते बघायचं काम माणसानं करायचं असतं. चला तर मग, ते कसं करायचं ते समजून घेऊया.

पीएसए म्हणजे नेमकं काय?

पुरुषांच्या शरीरात मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती एक ग्रंथी असते. तिला प्रोस्टेट किंवा पुरस्थ ग्रंथी म्हणतात. आकार साधारण अक्रोडाएवढा, आपल्याकडच्या लहान लिंबाएवढा म्हटलं तरी चालेल. ही ग्रंथी एक प्रथिन तयार करते. वीर्य पातळ ठेवणं हे त्या प्रथिनाचं काम. त्याचंच नाव प्रोस्टेट स्पेसिफिक अँटिजेन, थोडक्यात पीएसए.

हे प्रथिन निरोगी ग्रंथीतही तयार होतं आणि त्यातलं अगदी थोडं रक्तात झिरपतं. ग्रंथी मोठी झाली, सुजली, तिला जंतुसंसर्ग झाला किंवा तिच्यात कॅन्सर झाला, तर जास्त झिरपतं. म्हणजे पीएसए वाढलं की एवढंच कळतं की ग्रंथीत काहीतरी चाललंय. काय चाललंय, ते या एका आकड्यावरून कळत नाही.

४ नॅनोग्रॅम म्हणजे किती?

पीएसए नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर या एककात मोजतात. नॅनो म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. आठवीत आपण घातांक शिकवतो, तिथं हे उदाहरण छान बसतं. एका मिलिलिटरमध्ये ४ नॅनोग्रॅम, म्हणजे एका लिटरमध्ये ४ मायक्रोग्रॅम, म्हणजे दहा लाख लिटरमध्ये ४ ग्रॅम. आपल्याकडे उन्हाळ्यात येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. असे शंभर टँकर, आणि त्या सगळ्या पाण्यात मिळून एक छोटा चमचा साखर!

इतकी बारीक गोष्ट मोजायची, म्हणजे लहानसहान कारणांनी आकडा थोडा वरखाली होणारच. म्हणून ४.१ आला की घाबरायचं आणि ३.९ आला की पेढे वाटायचे, असं करू नये.

वयानुसार पातळी

वय वाढतं तशी प्रोस्टेट ग्रंथी हळूहळू मोठी होत जाते. केस पिकावेत तशी ही गोष्ट बहुतेक पुरुषांत घडते. ग्रंथी मोठी झाली की पीएसएही वाढतं. म्हणून सगळ्या वयांना एकच रेषा लावणं बरोबर नाही. वयानुसार वापरली जाणारी वरची मर्यादा अशी (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) :

- ४० ते ४९ वर्षे : २.५
- ५० ते ५९ वर्षे : ३.५
- ६० ते ६९ वर्षे : ४.५
- ७० ते ७९ वर्षे : ६.५

हे आकडे आले कुठून? १९९३ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका परगण्यात ४० ते ७९ वयाच्या ४७१ निरोगी पुरुषांचं रक्त तपासून ते काढले गेले. आज ब्रिटनमध्ये लक्षणं असलेल्या रुग्णाला तज्ज्ञाकडे कधी पाठवायचं, हे ठरवण्यासाठी याच मर्यादा वापरतात. पुढे जपानमधल्या पुरुषांवर असाच अभ्यास झाला. तिथं मर्यादा थोड्या कमी निघाल्या : चाळिशीत २, पन्नाशीत ३, साठीत ४ आणि सत्तरीत ५.

आता गणिताच्या शिक्षकांसाठी गंमत. ही मर्यादा म्हणजे ९५ वा शततमक. निरोगी माणसांच्या रांगेत शंभरातले पंचाण्णव जण ज्या रेषेच्या खाली येतात, ती रेषा. म्हणजे शंभरातली पाच निरोगी माणसं रेषेच्या वर असणार, हे रेषा आखतानाच ठरलेलं होतं! आपण परीक्षेत ३५ ला पास म्हणतो. ३४ वाल्या पोराला काहीच येत नाही आणि ३६ वाल्याला सगळं येतं, असं आपल्यातला कुठलाही शिक्षक मानत नाही. रेषा आखायला कुठेतरी लागतेच, म्हणून आखलेली असते. पीएसएचंही तसंच समजा.

एकाच रेषेनं होणारी गफलत

बऱ्याच लॅबच्या रिपोर्टवर अजूनही सर्वांसाठी '० ते ४' एवढंच छापलेलं असतं. त्यामुळे दोन बाजूंनी चूक होते.

पहिली बाजू आपल्या मुलीच्या आजोबांची. वय ७२, पीएसए ५.२. वयानुसार पाहिलं तर ६.५ च्या आत. तरी कागदावर एच, आणि घरात सुतक.

दुसरी बाजू माझ्या एका सहकाऱ्याची. वय ४६, पीएसए ३.४. कागदावर एच नाही, म्हणून त्यांनी रिपोर्ट कपाटात टाकला. बोलता बोलता विषय निघाला तेव्हा कळलं की त्यांच्या वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला होता. चाळिशीतली मर्यादा २.५ आहे, आणि वडील किंवा सख्खा भाऊ यांना हा आजार असेल तर धोका वाढतो. म्हणजे ज्यांनी तज्ज्ञाला दाखवायला हवं होतं ते निर्धास्त, आणि ज्यांना थोडं थांबता आलं असतं ते अन्नपाणी सोडून बसलेले. सरांना मी तज्ज्ञाकडे जायला लावलं. आता त्यांची दर सहा महिन्यांनी तपासणी चालू आहे.

कॅन्सर नसतानाही पीएसए का वाढतं?

- वयोमानानं ग्रंथी मोठी होणं. हे सगळ्यात जास्त आढळणारं कारण.
- लघवीच्या मार्गात किंवा ग्रंथीत जंतुसंसर्ग. आपल्याकडे लघवीला जळजळ झाली की 'उन्हाळी लागली' म्हणतात आणि धने-जिऱ्याचं पाणी पितात. उन्हाळ्यात पाणी कमी पडून जळजळ होऊ शकते, पण तीच जळजळ संसर्गाचीही असू शकते. संसर्ग बरा झाल्यावर साधारण सहा आठवडे थांबून पीएसए तपासावं.
- लघवी अडकणं, लघवीची नळी घालावी लागणं, किंवा ग्रंथीचा तुकडा काढून केलेली तपासणी. यानंतरही काही आठवडे आकडा चढलेला राहतो.
- तपासणीच्या आधीच्या दोन दिवसांत शरीरसंबंध आला असेल किंवा खूप दमछाक करणारा व्यायाम, लांबवर सायकल चालवणं झालं असेल, तर. हे विचारायला संकोच वाटतो, पण डॉक्टरांना नक्की सांगावं.

आकडा खोटा कमीही दिसतो

प्रोस्टेट वाढल्यावर फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड नावाच्या गोळ्या देतात. केस गळतीसाठीही फिनास्टेराइड कमी मात्रेत दिलं जातं. या गोळ्या सहा महिने ते वर्षभर घेतल्या की पीएसए जवळजवळ निम्मं होतं. म्हणजे रिपोर्टवर ३ दिसत असेल तर खरा आकडा ६ च्या आसपास धरावा लागतो. त्यामुळे डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. 'तेवढीच एक गोळी' सांगायची राहते, आणि नेमकी तीच महत्त्वाची असते.

मग या तपासणीवर विश्वास ठेवायचा की नाही?

ठेवायचा, पण तिला जेवढं सांगता येतं तेवढ्यापुरता. पीएसए ४ ते १० च्या दरम्यान असलेल्या साधारण चारांपैकी एकालाच पुढच्या तपासणीत कॅन्सर सापडतो. बाकी तिघांना दुसरंच कारण असतं. १० च्या वर गेलं की शक्यता निम्म्याहून अधिक होते. उलट बाजूही बघा. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पीएसए ४ किंवा त्याहून कमी असलेल्या पुरुषांची बायोप्सी केली, तेव्हा शंभरातल्या सुमारे पंधरा जणांत कॅन्सर सापडला. त्यातले बहुतेक सौम्य, हळू वाढणारे होते.

प्रोस्टेटचे बरेच कॅन्सर इतके संथ असतात की माणूस पूर्ण आयुष्य जगतो आणि त्याला त्याचा त्रासही होत नाही. काही मात्र वेगानं पसरतात आणि जीव घेतात. म्हणूनच कसलाही त्रास नसलेल्या प्रत्येक पुरुषानं ही तपासणी करावी का, यावर जगभरचे डॉक्टर अजून वाद घालतात. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलानं २०१८ मध्ये असं सांगितलं की ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी फायदे-तोटे डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावं, आणि सत्तरीनंतर लक्षणं नसताना ही तपासणी सरसकट करू नये. आपल्याकडे सरकारी आरोग्य कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आहे. पीएसए त्यात नाही.

आपल्या जिल्ह्याचं चित्र

आपल्या शेजारी बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते. अशी ती देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. पुढे उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, आणि बीड या दोन जिल्ह्यांचीही एकत्र नोंद होऊ लागली. २०२० च्या राष्ट्रीय अहवालात सर्व प्रकारचे कॅन्सर मिळून, वयाचा फरक समायोजित करून, पुरुषांमधलं प्रमाण दिलं आहे. मिझोराममधल्या ऐझॉल जिल्ह्यात ते लाखामागे २६९.४, म्हणजे नोंदणी केंद्रांत सर्वांत जास्त. आणि सर्वांत कमी? उस्मानाबाद-बीड, लाखामागे ३९.५.

हे वाचून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. जिथे आजार कमी, तिथे वाढलेल्या आकड्यांमध्ये फसवे इशारे जास्त असतात. म्हणून नुसत्या एचवरून हाय खाऊ नका. पण जो आजार तपासलाच नाही, तो नोंदीतही येत नाही. म्हणून 'आपल्याकडे हे होत नसतंय' असंही म्हणू नका.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्यानं फार मोठी किंमत देऊन शिकली आहे. ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बायकांची गर्भाशयं कमी वयात काढली गेल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल' अशी भीती आपल्याला घातली गेली, असं अनेकींनी सांगितलं. भीती आणि अपुरी माहिती एकत्र आली की माणूस एकतर घाईनं ऑपरेशन करून घेतो किंवा घाबरून दवाखान्याची पायरीच चढत नाही. पुरुषांच्या बाबतीत दुसरं जास्त घडतं, कारण लघवीचा विषय मुलापाशी, सुनेपाशी काढायचा कसा?

रिपोर्टमध्ये पीएसए जास्त आलं तर काय करायचं?

१. त्याच दिवशी काही ठरवू नका. रिपोर्ट, वय, चालू गोळ्या आणि घरातला कॅन्सरचा इतिहास एका कागदावर लिहा.

२. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. लघवीची साधी तपासणी करून घ्या. संसर्ग असेल तर आधी त्याचा उपचार.

३. काही आठवड्यांनी पीएसए पुन्हा तपासा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. लॅब बदलली की मोजण्याच्या पद्धतीमुळेही आकडा बदलतो. पुन्हा कधी तपासायचं ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. घरातली कर्ती माणसं फडावर असतील तर ही तारीख हमखास विसरली जाते.

४. दुसऱ्यांदाही जास्त आलं तर मूत्ररोगतज्ज्ञाला दाखवा. ते बोटानं ग्रंथी तपासतात, सोनोग्राफी करतात. ४ ते १० च्या दरम्यान 'फ्री पीएसए'चं प्रमाणही बघतात. ते २५ टक्क्यांच्या वर असेल तर कॅन्सरची शक्यता कमी, १० टक्क्यांच्या खाली असेल तर जास्त. गरज वाटली तर एमआरआय आणि मग बायोप्सी. बायोप्सीशिवाय कॅन्सरचं निदान पक्कं धरत नाहीत, हे ध्यानात ठेवा.

५. जुने रिपोर्ट फेकू नका. एका आकड्यापेक्षा दोन-तीन वर्षांत तो कसा सरकला, यावरून डॉक्टरांना जास्त कळतं.

सुरुवात बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात करता येते. निदान कॅन्सरचं झालंच तर बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आणि छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आपल्याला जवळ आहे. कॅन्सरचे अनेक उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात, त्यामुळे रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा.

आकड्याची वाट न बघता दवाखाना कधी गाठायचा?

लघवी अडली, लघवीतून रक्त आलं, थंडी-तापासोबत लघवीला त्रास होऊ लागला, कंबर किंवा हाडं सतत दुखू लागली, वजन विनाकारण उतरलं, तर पीएसए कितीही असो, लगेच दाखवा. रात्री चार-चार वेळा उठावं लागणं, धार बारीक होणं, थेंब थेंब गळणं याला 'म्हातारपणाचं असतंच' म्हणून सोडून देऊ नका. बहुतेक वेळा ती साधी प्रोस्टेटवाढ असते आणि गोळ्यांनी आराम पडतो.

त्या आजोबांचं काय झालं?

मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. आधी पाऊसपाण्याच्या गप्पा झाल्या, मग हळूच विचारलं, "बाबा, शिबिराच्या वेळी लघवीला जळजळ होती का?" त्यांनी नातीकडे बघितलं. ती उठून आत गेली, तेव्हा म्हणाले, "व्हय, पंधरा दिवस होती की." दुसऱ्या दिवशी त्यांना आरोग्य केंद्रात घेऊन गेलो. संसर्ग निघाला, औषधं सुरू झाली. दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा पीएसए ४.३ आलं. डॉक्टरांनी ग्रंथी तपासली, वयानं वाढलीय म्हणाले, गोळी दिली आणि वर्षभरानं पुन्हा बोलावलं. पाडव्याला मुलगा घरी आला तेव्हा आजोबांनी स्वतःच त्याला सगळं सांगितलं.

समजा ते कॅन्सरचंच निघालं असतं, तरी वाट हीच होती. फक्त पुढे आणखी काही पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या. ठरवून गप्प बसण्यानं मात्र दोन्ही वेळा नुकसानच झालं असतं.

शाळेत काय करता येईल?

आपल्या गावात इंग्रजी रिपोर्ट वाचून दाखवणारं घरातलं माणूस म्हणजे बऱ्याचदा आपला विद्यार्थीच असतो. म्हणून आठवी-नववीच्या वर्गात एक तास 'रिपोर्ट वाचूया' असा घ्या. नाव झाकलेला एखादा साधा रिपोर्ट फळ्यावर लिहा. हिमोग्लोबिन, साखर चालेल. एकक कोणतं, मर्यादा काय, एच आणि एल म्हणजे काय, मर्यादा वयानुसार का बदलते, हे मुलांकडून काढून घ्या. शेवटी एकच वाक्य वहीत लिहायला सांगा : 'रिपोर्ट मी वाचेन, अर्थ डॉक्टर सांगतील.'

आणि पालकसभेला जे आजोबा येतात, त्यांना मुलांच्या प्रगतीबरोबर एवढंही विचारा, "बाबा, तब्येत कशी आहे? लघवीचा काही त्रास?" विचारणारं कुणीतरी असलं की माणूस बोलतो.

(हा लेख समजून घेण्यासाठी आहे. औषध सुरू किंवा बंद करायचं असेल तर ते डॉक्टरांनाच विचारून करा.)